अतितापन, लढाऊ विमान-एंजिनाचे
निर्माण होणारी उष्णता पुरेशा वेगाने बाहेर न टाकली गेल्यामुळे एंजिनाचे तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे जाणे, यास अतितापन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) भारतीय हवाई दलाने वापरलेल्या हरिकेन विमानाचे १२ सिलिंडरांचे मर्लिन एंजिन द्रवशीतित, तर व्हेंजन्सचे १४ सिलिंडरांचे एंजिन वायुशीतित होते. द्रवशीतित एंजिनाच्या रेडिएटरला एक गोळी लागली, तरी द्रव गळून एंजिन अल्पावधीत निकामी होई.

तीव्र चढाईत एंजिन पूर्ण शक्तीने चालते, पण वेग कमी असल्याने शीतनास हवा कमी मिळते. साहजिकच तापमान झपाट्याने वाढते. अशा वेळी शक्ती कमी करणे, विमानाचे नाक खाली घेऊन वेग वाढविणे आणि रेडिएटरची झडप उघडणे, हे उपाय योजतात. तथापि उघड्या झडपेमुळे हवेचा रोध वाढून वेग घटतो. शत्रू पाठीशी असता एंजिन वाचवावे की वेग राखावा, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. हवाई लढाईच्या सिम्युलेटरमध्ये संगणक उष्णतेचा हाच जमाखर्च मांडतो. तेथे एंजिन जळाले, तरी प्राणहानी होत नाही. म्हणून लढतानाही तापमापकाकडे लक्ष ठेवण्याची सवय तेथे निर्धोकपणे लावून घेता येते.