उधारीची वही आणि दुकानदाराची तब्येत

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी ही आसपासच्या खेड्यावाड्यांची बाजारपेठ. अशा बाजारपेठेतला धंदा रोखीवर कमी आणि उसावर जास्त चालतो. ऊस कारखान्याला गेला, बिल शेतकऱ्याच्या खात्यावर जमा झाले, की मगच कापडवाल्याची, किराणावाल्याची, शिंप्याची, गाद्या भरणाऱ्या नदाफाची आणि गवंड्याची उधारी वसूल होऊ लागते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. प्रत्यक्षात काय होते ते प्रत्येक दुकानदार जाणतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऊसदराच्या आंदोलनामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील गाळप रखडले, तेव्हा शेतकरी आणि कारखाना यांची चर्चा भरपूर झाली. त्याच बिलावर ज्यांच्या वह्या अडून बसल्या होत्या, त्या दुकानदार-कारागिरांची फारशी झाली नाही.

दुसऱ्या बाजूला माल देणारा होलसेलवाला उसाची वाट पाहत नाही. त्याला तीस दिवसांत चेक हवा. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला जातो, पिग्मीवाला रोज दारात येतो, भिशीचा नंबर चुकवता येत नाही. गिऱ्हाईक मात्र "भाई, बिल पडू दे" म्हणून जातो. येणे कधी येईल ते ठाऊक नाही आणि देण्याची तारीख पक्की, ही आपल्या धंद्याची खरी ओढाताण आहे. मेहनतीने माणूस थकतो, पण झोपला की ताजा होतो. या ओढाताणीत झोपच लागत नाही.

शरीरात काय घडते

अंगावर बैल धावून आला तर छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांत बळ येते. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल नावाचे स्राव रक्तात उतरतात, यकृत साठवलेली साखर सोडते, रक्तदाब चढतो, पचनाचे काम मागे पडते. बैल निघून गेला की सारे पूर्ववत होते. निसर्गाची ही व्यवस्था उत्तम आहे, पण ती काही मिनिटांच्या संकटासाठी आहे. उधारी हा महिनोन्‌महिने दारात उभा असलेला बैल. शरीर त्याच्यासाठीही तीच तयारी करते आणि ती उतरतच नाही. मग मान-खांदे आखडणे, डोके दुखणे, पोट बिघडणे, रात्री दोनला जाग येणे सुरू होते. मधुमेह असलेल्याची साखर औषध चालू असूनही हटत नाही.

हा कल्पनेचा खेळ नव्हे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रीडमन आणि रोझेनमन या डॉक्टरांनी ४० हिशेबनिसांची अनेक महिने रक्ततपासणी केली व १९५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिकडे आयकराची विवरणपत्रे १५ एप्रिलपर्यंत द्यावी लागतात. तारीख जवळ येऊन काम अंगावर आले, तेव्हा त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले आणि रक्त लवकर गोठू लागले. घाई सरली तेव्हा दोन्ही गोष्टी उतरल्या. खाणे, वजन, व्यायाम यांत त्या वाढीचा खुलासा करील असा फरक नव्हता. रक्त लवकर गोठणे म्हणजे हृदयाची नळी बंद पडण्याचा धोका. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या पाहणीत भारतही होता. तीतही हृदयविकाराचा झटका आलेल्यांत कामाचा, घरचा आणि पैशाचा ताण इतरांपेक्षा अधिक आढळला.

कारागिरांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतच, घरातील स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर डॉक्टरांनी अगदी लहान जखम केली. तितकीच जखम तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रियांच्या हातावर केली. ताणाखालच्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हा निष्कर्ष १९९५ चा. सुतार, खाटीक, वेल्डर यांच्या हाताला रोज काही ना काही लागत असते, त्यांनी यावर विचार करावा.

डोक्यावर होणारा परिणाम आपल्या उसाच्या मुलखाला जवळचा आहे. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी, म्हणजे हात आखडते असताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर सारखीच बौद्धिक कोडी देण्यात आली. माणसे तीच होती, पण पैसा येण्यापूर्वी ती कमी पडली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवते, असे संशोधकांचे म्हणणे. दुकानात याचा अर्थ सरळ आहे. तंगीच्या महिन्यांतच बेरीज चुकते, चढ्या व्याजाने पैसे उचलले जातात, नको तो माल भरला जातो, चांगल्या गिऱ्हाइकावर आवाज चढतो. अक्कल सर्वांत जास्त लागते, नेमकी तेव्हाच ती पुरत नाही. त्यावर उपाय म्हणून मावा, विडी आणि दहावा चहा यांचा आधार घेतला जातो. त्यातल्या तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आखडतात आणि चहाने उरलीसुरली झोप जाते.

मात्र प्रत्येक दुखणे ताणाच्या नावावर खपवू नये. पोटातला अल्सर काळजीने होतो असे वर्षानुवर्षे मानले जाई. पुष्कळदा त्यामागे एक जंतू असतो, हे दाखवणाऱ्या वॉरन आणि मार्शल यांना २००५ साली नोबेल मिळाले. तसेच छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, तर "गॅस झाला" म्हणून सोडा पीत बसणे जिवावर बेतते. त्या वेळी गल्ला उघडा टाकून दवाखाना गाठावा.

याहून गंभीर गोष्ट आपल्या बैठकीत कोणी बोलत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२० या टाळेबंदीच्या वर्षात देशात ११,७१६ व्यापारी, विक्रेते व व्यावसायिकांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी शेतीक्षेत्रातील आत्महत्या १०,६७७ होत्या. प्रत्येक मृत्यूमागे अनेक कारणे असतात, एकट्या कर्जावर सारे ढकलता येणार नाही. पण दुकानदाराचे कर्ज बहुधा घरालाही माहीत नसते. घरच्या बाईला वहीतला आकडा ठाऊक नसतो, भावाला सांगायची लाज वाटते, बाजारात कळले तर पत जाईल ही भीती. एकट्याने सांभाळलेला आकडा फार जड होतो. निदान एका माणसाला तो पूर्ण, न लपवता सांगावा.

वही दुरुस्त करणे

ताण कमी करण्यासाठी फिरायला जा, खोल श्वास घ्या, असे सल्ले मिळतात. ते चुकीचे नाहीत. रोज अर्धा तास चालल्याने रक्तदाब आणि झोप दोन्ही सुधारतात. पण ज्याचे मूळ उधारीत आहे त्याचा उपाय निम्मा तरी वहीतच केला पाहिजे. कुरआनातील सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि त्याआधी दोनच आयतींवर अडचणीतल्या देणेकऱ्याला सवलत देण्याची शिकवण आहे. तरी आपल्याकडे "सही मागितली तर गिऱ्हाईक रागावेल" म्हणून तोंडी व्यवहार चालतात. कायद्यानेही, मुदत ठरवली नसेल तर माल दिल्यापासून तीन वर्षांतच दावा लावता येतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर तीन वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात. तेव्हा वहीच्या पानावर सही घ्यावी. एका गिऱ्हाइकाला किती रकमेपर्यंत उधार द्यायचे ते हंगामाआधी, डोके थंड असताना ठरवावे.

स्वतः माल बनवून मोठ्या व्यापाऱ्याला देणाऱ्या लहान कारागिराने उद्यम नोंदणी करावी. २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी त्याचे पैसे ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यास हा लाभ नाही. विनापरवाना सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्यांनी २०१४ च्या सावकारी कायद्यान्वये तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, हेही ध्यानात ठेवावे.

दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, दुकान उघडण्याची इच्छा नाही, जगण्याचा कंटाळा आला आहे, अशी अवस्था असेल तर तो आजार आहे. दुवा जरूर करावी, पण नजर काढण्यात आणि तावीज बांधण्यात महिने घालवू नयेत. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून मोफत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासली जाते. नेसरीत ग्रामीण रुग्णालय आहे, पुढील इलाजासाठी गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे. बाजाराचा दिवस सोडून कोणत्याही सकाळी जाऊन यावे, आणि रक्तदाबाचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावा.