एक्स-रेच्या खोलीत कोणी थांबायचे?

काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एक्स-रेची खोली पाहायला गेलो होतो. चार वर्षांचे एक पोर बैलगाडीवरून पडले होते. हात सुजलेला, रडून रडून घसा बसलेला. तंत्रज्ञ आईला म्हणाले, “ताई, याला घट्ट धरा.” ती पुढे झाली. मी विचारले, “ताई, दिवस गेलेत का?” ती लाजली आणि हळूच म्हणाली, “माले दुसरा महिना शे, भाऊ.”

तिला बाहेर बसवले. मुलाच्या आजोबांना शिशाचा एप्रन घातला आणि त्यांनी नातवाला धरले. फोटो निघाला, हाताला प्लास्टर बसले. पण एक प्रश्न मनातून जाईना. मी नसतो त्या दिवशी हे कोण विचारते?

हे विचारणे, ही सवय लावणे हेच माझे काम. जळगावच्या एका रुग्णालयात मी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे. इतर केंद्रांतूनही बोलावणे येते, तेव्हा एरंडोल, पारोळा करीत धुळ्यापर्यंत जातो. भिंती व दार पुरेसे जाड आहेत का, बाहेरचा लाल दिवा लागतो का, एप्रन घडी घालून ठेवला आहे की टांगून, हे पाहतो. घडी घातली की आतल्या शिशाच्या थराला भेगा पडतात आणि किरण तेथूनच आत शिरतात.

राँटगेन यांनी 1895 साली क्ष-किरण शोधले. सुरुवातीच्या काळात धोका न कळल्याने अनेक डॉक्टरांची बोटे झडली, काहींचे प्राणही गेले. हे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटका नाही. म्हणून त्यांचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्या देशात 1983 साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ मर्यादा ठरवते. हे काम करणाऱ्यास पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षी 30 पेक्षा जास्त नाही. सामान्य नागरिकासाठी वर्षाला 1.

हा हिशेब छातीवर लावलेला बॅज ठेवतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो. एकदा एका तंत्रज्ञाचा आकडा एकदम वाढून आला. घरी रडारड झाली. चौकशीत कळले, जेवायला जाताना बॅज लावलेला एप्रन ते खोलीतच खुंटीला टांगून जात आणि मागे दुसरा तंत्रज्ञ फोटो काढी. दुसऱ्या एका ठिकाणी याच्या उलट. बॅज वर्षभर टेबलाच्या खणात आणि आकडा कोरा! पहिल्याची भीती खोटी निघाली, पण दुसऱ्याचा निर्धास्तपणा मला अधिक घातक वाटला.

वाचकहो, यावरून एक्स-रेची धास्ती मात्र घेऊ नका. आपल्या जळगावच्या केळ्यातही पोटॅशियममुळे किंचित किरणोत्सर्ग असतो, मातीत असतो, आकाशातूनही येतो. छातीच्या एका फोटोचा डोस निसर्गातून काही दिवसांत मिळणाऱ्या डोसाएवढाच. पोटाच्या सीटी स्कॅनचा डोस मात्र छातीच्या शंभर किंवा त्याहूनही अधिक फोटोंइतका असू शकतो. म्हणून गरज असेल तर तपासणी जरूर करा, पण “डॉक्टर, एकदा स्कॅन करूनच टाका” असा हट्ट धरू नका. जुने फोटो जपून ठेवा आणि दाखवा. सोनोग्राफी व एमआरआयमध्ये हे किरण नसतात.

फोटो निघताना खोलीत रुग्णाशिवाय कोणी थांबू नये. धरायला माणूस लागलाच तर तो गरोदर नसावा, त्याने एप्रन मागून घ्यावा. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथाईवर येतो, म्हणून दारात घुटमळण्यापेक्षा चार पावले दूर जा. यंत्र बंद होताच किरणही थांबतात. खोलीत ते साचून राहत नाहीत.

आणि भगिनींनो, पाळी चुकली असेल तर कोणी विचारण्याची वाट न पाहता तंत्रज्ञास सांगा. नकळत फोटो निघून गेलाच तर घाबरून गर्भपाताचा विचार करू नका. साध्या एक्स-रेने गर्भाला अपाय होण्याची शक्यता फारच थोडी असते, डॉक्टरांशी बोला.

त्या माउलीला मी विचारले तो योगायोग होता. पुढच्या वेळी तो योगायोग नसावा, एवढेच.