व्हेंटिलेटर निघाल्यानंतर

मण्यार बहुधा रात्री चावते, तीही जमिनीवर झोपलेल्याला. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटेपर्यंत पापण्या जड होतात, घास गिळवत नाही, मग श्वास मंदावतो. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरचा असा रुग्ण ठाण्याला किंवा कळव्याला वेळेत पोहोचला, तर व्हेंटिलेटरवर जगतो. बातमी इथे संपते, आजारपण संपत नाही.

मण्यारीचे विष मज्जातंतूंची स्नायूंना भिडणारी टोकेच निकामी करते. प्रतिविष रक्तातले मोकळे विष गाठते, पण निकामी झालेली टोके दुरुस्त करणे त्याच्या हातात नाही. ती शरीराला नव्याने वाढवावी लागतात आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे जातात. तोवर यंत्राच्या श्वासावर पडून राहायचे.

या पडून राहण्याचीही किंमत असते. लंडनमधल्या अतिदक्षता विभागांतील गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू पहिल्या 10 दिवसांतच सुमारे 18 टक्के घटल्याचे 2013 साली दिसले. सर्पदंश असो, न्यूमोनिया असो की जंतुसंसर्ग, स्नायू असेच झडतात. शिवाय झोप उडते, विसरायला होते, भलतीच स्वप्ने पडतात. या साऱ्याला 2012 पासून ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असे नाव आहे. घरच्यांना मात्र डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला असे वाटते. त्याला उकिडवे बसता येत नाही, चिखलात भात लावणे तर दूरच. मग ‘अंग चोरतो’ हा शिक्का बसतो किंवा भगताला बोलावणे जाते.

यावरचा उपाय महागडा नाही, हे विशेष. 2009 साली अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या 104 रुग्णांवर प्रयोग झाला. ज्यांना पहिल्या दिवसांपासूनच हातपाय हलवायला, बसायला, उभे राहायला लावले, त्यांपैकी 59 टक्के रुग्ण रुग्णालयातून निघताना आपली कामे आपण करू शकत होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण 35 टक्के होते. लागतात ती माणसे आणि वेळ. पण ज्या मुरबाडला अजून रेल्वे नाही, तिथल्या मजुराने रोज बुडवून व्यायामासाठी कळव्याच्या खेपा घालाव्यात, ही अपेक्षाच चुकीची आहे.

बाळंतिणीच्या घरी आशा सेविका 42 दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी बाळाला पाहायला जाते. अतिदक्षता विभागातून परतलेल्यांसाठीही अशाच भेटी सुरू कराव्यात आणि व्यायामाची सोय तालुक्याच्या रुग्णालयातच व्हावी. तोवर नातेवाइकांनी एवढे करावे: डिस्चार्जच्या कागदावर औषधांबरोबर व्यायाम आणि आहारही लिहून मागावा.