वागातोरचा फटफट्यांचा मेळा

ज्यांनीं तापीकांठचा सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहिला आहे, त्यांस हा मेळा समजावून सांगणें फारसें कठीण नाहीं. दत्तजयंतीस तेथें जसे घोडे जमतात, तशा गोव्याच्या बार्देस तालुक्यांतील वागातोर येथें मोटारसायकली जमतात. तेथें दांत पाहून घोड्याचें वय ठरवितात. येथें जाणते लोक एंजिनाच्या आवाजास कान लावून गाडीची पारख करितात. भेद इतकाच कीं, येथें आलेला स्वार आपली गाडी विकण्यास नव्हे, तर दाखविण्यास व समानशील मित्रांस भेटण्यास येतो.

सन २०२३ च्या नोव्हेंबरांत, २४ ते २६ तारखांस, मी माझ्या चौदा वर्षांच्या भाच्यासह तेथें गेलों होतों. (फटफट्यांच्या मेळ्यास आम्ही भुसावळहून आगगाडीनें गेलों, याचें कित्येकांस हसूं आलें!) रॉयल एनफील्ड कंपनी हा मेळा भरविते. २०२२ पर्यंत त्यास 'रायडर मेनिया' म्हणत; २०२३ पासून 'मोटोव्हर्स' असें नांव मिळालें. या कंपनीच्या 'बुलेट' गाडीचा जन्म १९३२ सालीं इंग्लंडांत झाला. १९५५ मध्यें मद्रासेस तिची शाखा निघाली. पुढें मूळची विलायती कंपनी बुडाली, पण मद्रासची टिकली. लेंकीच्या घरीं आईचें नांव राहावें, तसेंच हें झालें.

गर्दी अफाट होती. जिकडे पाहावें तिकडे धुळीनें माखलेल्या गाड्या, पाठीशीं बांधलेलीं बोचकीं, आणि कानडी, मल्याळी, हिंदी, मराठी अशा भाषांचा कल्लोळ. भाच्यास वाटे, आतां कोणीतरी वाऱ्याच्या वेगानें गाडी पिटाळील. परंतु या मेळ्यांत मला सर्वांत आवडणारा खेळ अगदीं उलट आहे. ही हळू चालविण्याची शर्यत. आंखलेल्या पट्ट्यांतून गाडी न्यावयाची. पाय जमिनीस टेकला कीं बाद, आणि जो सर्वांच्या मागून पोहोंचेल तो विजयी! "मामा, शेवटचा नंबर आला तर बक्षीस? मग आमच्या वर्गांत किती बक्षिसें द्यावीं लागतील!" असें तो म्हणाला.

हा खेळ इतका अवघड कां? दोन चाकांची गाडी ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस स्वार पुढचें चाक किंचित् वळवितो. त्यामुळें चाकें पुन्हां भाराखालीं येतात व गाडी सावरते. वेग असला म्हणजे हें वळविणें नुसत्या केसाइतकें पुरतें, आणि तें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. वेग मंदावला कीं हँडल बरेंच फिरवावें लागतें. क्लच अर्धवट दाबून व मागचा ब्रेक हलकेच लावून एंजिन बंद पडूं न देणें, हें दुसरें कौशल्य. म्हणजे वेगानें गाडी नेतांना निम्में काम गाडीच करिते. हळू नेतांना सर्व भार स्वारावर पडतो. जोरानें गाडी हांकणारा तेवढ्यानेंच कुशल ठरत नाहीं, तो यामुळेंच.

दुसरी गोष्ट शिरस्त्राणाची. शर्यतींत उतरणारे सारे स्वार हेल्मेट घालून होते. आमच्या धुळें-जळगांवकडे तें बहुधा आरशास लटकतें, आणि मिसरूड न फुटलेलीं मुलें एका गाडीवर तिघेतिघे बसून शाळेस येतात. २०२२ या एका वर्षांत भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांत शेंकडा ४४.५ दुचाकीवरचीं. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ होते. पालकांनीं हेंहि जाणून असावें कीं, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

घरीं परतल्यावर भाच्यानें गाडीची किल्ली मागितली नाहीं. अंगणांत खडूच्या दोन रेघा ओढून तो आपल्या सायकलीवर हळू जाण्याचा सराव करूं लागला. पहिल्या दिवशीं चार हातांवरच पाय टेकला. आठवड्यानें बारा हातांवर.