आजीच्या तान्सूला रंधा मारायचा का?

पावसाळ्यात लाकडी कपाटाचा ड्रॉवर फुगून बसला की काय होतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आधी हळूच ओढायचं, मग दोन्ही हातांनी, मग एक पाय कपाटाला लावून. शेवटी सुतार येतो, कडेला रंधा मारून जातो आणि एप्रिल-मेमध्ये तोच ड्रॉवर खुळखुळायला लागतो.

मी सध्या जपानमध्ये जुन्या लाकडी वस्तूंच्या जतनावर पीएच.डी. करतेय. नेमकं काय करतेस, असं आईने विचारलं तेव्हा सोप्या भाषेत सांगितलं, "पावसाळ्यात न अडकणाऱ्या कपाटांचा अभ्यास." त्यावर ती म्हणाली, "मग आपलं कधी दुरुस्त करतेस?"

ही कपाटं म्हणजे तान्सू, जपानी खणांची लाकडी पेटी-कपाटं. आज त्यांच्याबद्दल लिहायचं कारण असं, की मध्यंतरी एका तान्सूने मला चांगलंच अडचणीत टाकलं. आमच्या ओळखीच्या एका आजींच्या घरी त्यांच्या सासूबाईंचं तान्सू आहे. एकावर एक ठेवलेले तीन भाग, वर काळपट झालेला रंग, ठिकठिकाणी पोचे. आजींना ते पूर्ण तासून नवं करून नातीला द्यायचं होतं. मी मात्र पुस्तकी उत्तर दिलं, "मूळ पृष्ठभागाला अजिबात हात लावू नका." दोघींपैकी कोण बरोबर, हे समजायला आधी ही वस्तू समजून घ्यावी लागेल.

आगीच्या शहरातलं फर्निचर

जपानी घरात पूर्वी कपडे ठेवायला झाकणाची लांबट पेटी असायची, आपल्या ट्रंकेसारखी. तिला नागामोची म्हणतात. काही नागामोचींना खाली लाकडी चाकं लावलेली असत. कल्पना अशी, की आग लागली तर पेटी ढकलत न्यायची. तेव्हाचं एदो, म्हणजे आजचं टोकियो, हे लाकडाचं आणि कागदाचं शहर होतं. आगी नेहमीच्याच.

१६५७ साली मेइरेकी काळातली मोठी आग लागली. एदोचा बराचसा भाग जळाला आणि मृतांचा अंदाज एक लाखापर्यंत सांगितला जातो. या आगीत लोक चाकांच्या पेट्या घेऊन रस्त्यावर आले, पेट्या एकमेकींत अडकल्या, गल्ल्या बंद झाल्या आणि माणसं मागे कोंडली गेली. जीव वाचवायला केलेली सोयच जीवावर उठली. पुढे मोठ्या शहरांत या चाकांच्या पेट्यांवर बंदी आली.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात खणांचं तान्सू शहरांमध्ये रुळू लागलं. कपडे वाढले होते आणि एकाच खोल पेटीत तळाचं काढायचं म्हणजे सगळं उपसायचं. पण आगीची भीती तान्सूच्या बांधणीतही शिरलेली दिसते. पुष्कळ तान्सू दोन किंवा तीन सुट्या भागांची असतात. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या असतात. काहींच्या कड्या वर उचलल्या की त्यांतून बांबू किंवा दांडा घालून दोघांनी खांद्यावर न्यायची सोय असते. आपण ज्याला आज नक्षी म्हणून कौतुकाने बघतो, ती कडी म्हणजे पळून जायची तयारी होती.

खण रुंद आणि उथळ का, तर किमोनोमुळे. किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवलेला असतो, त्याची घडी आयताकृती आणि सपाट होते. पैठणीची घडी आडवी ठेवायला जसा खण लागेल, तसाच.

किरी: हलकं, पण कच्चं नाही

कपड्यांच्या तान्सूसाठी सगळ्यात मानाचं लाकूड म्हणजे किरी, शास्त्रीय नावाने पॉलोनिया. याच झाडाची पानंफुलं जपान सरकारच्या चिन्हावर आणि ५०० येनच्या नाण्यावर आहेत. मुलगी जन्मली की अंगणात किरीचं झाड लावायचं आणि तिच्या लग्नात त्याचं तान्सू करून द्यायचं, अशी पद्धत जपानमध्ये सांगितली जाते. झाड भराभर वाढतं, म्हणून हे जमतं.

पहिल्यांदा किरीची फळी हातात घेतली तेव्हा मला ती थर्माकोलची वाटली होती. सागवानाच्या निम्म्याहूनही कमी वजन! लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी समजा. किरीच्या नळ्या मोठ्या, भिंती पातळ आणि आत भरपूर हवा. हवेतून उष्णता सहज जात नाही, म्हणून आग बाहेरून लागली तरी पृष्ठभाग जळून कोळशाचा थर होतो आणि आतले कपडे काही काळ तग धरतात. वर पाणी पडलं की फळ्या थोड्या फुगून फटी मिटतात.

आता ड्रॉवरचा प्रश्न. लाकूड हवेतलं बाष्प शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. पण सगळी लाकडं सारखी हलत नाहीत. ओल्या लाकडापासून अगदी कोरडं होईपर्यंत बीचची फळी रुंदीत सुमारे १२ टक्क्यांपर्यंत आकसू शकते. किरीचा आकडा चारच्या आसपास आहे. त्यामुळे किरीचे खण अगदी घट्ट मापाने बसवता येतात. चांगल्या तान्सूचा एक खण आत ढकलला की दाबलेल्या हवेने दुसरा खण आपोआप थोडा बाहेर येतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा लहान मुलासारखी पाच-सहा वेळा करत बसले होते.

हे फक्त झाडामुळे होत नाही. कापलेल्या फळ्या बरेच महिने, कधी कधी वर्षानुवर्षं उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात. त्यातून रंग डागाळवणारी द्रव्यं धुऊन निघतात आणि फळी 'शांत' होते. जोडायला लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खिळे वापरतात. ते तांदळाच्या कोंड्याबरोबर कढईत भाजून घेतात. लाकडी खिळ्याला गंज चढत नाही आणि पुढे रंधा मारताना पात्याला इजाही होत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

वय कोण सांगतं?

जुन्या वस्तूंच्या बाजारात 'शंभर वर्षं जुनं' हे वाक्य सगळ्यात स्वस्त. आम्ही एका पुराव्यावर विसंबत नाही, एकेक भाग वेगवेगळा विचारतो.

खिळे बघतो. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी आणि जरा वेडावाकडा. गोल तारेचे खिळे पाश्चिमात्य पद्धतीचे, ते मेइजी काळात (१८६८–१९१२) जपानमध्ये रुळले. पण खिळा त्याच्या स्वतःपुरतंच बोलतो. गोल खिळा नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो.

लोखंडी पत्रे बघतो. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी कमी-जास्त असते, यंत्रावरचा सगळीकडे सारखा. पत्रा कधी बदलला असेल तर जुन्या पत्र्याची सावली आणि रिकामी भोकं लाकडावर राहतात.

आणि मग माझी आवडती जागा, खणांची पाठ आणि तळ. तिथे कधी कधी शाईने सन, मालकाचं किंवा कारागिराचं नाव लिहिलेलं सापडतं. सन राजाच्या कालगणनेत असतो. मेइजी २० म्हणजे १८८७, जसं आपण शके १८०९ चं गणित करू तसंच. खणात जुनं वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर तीही एक खूण. मात्र कागद नंतरही लावता येतो, हे विसरायचं नाही.

थोडक्यात, सगळ्यात कमी विश्वासाची जागा म्हणजे समोरचा दर्शनी भाग, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच बघतं.

मग रंधा मारायचा का?

आजींच्या तान्सूचे खण मी एकेक करून बाहेर काढले. एका खणाच्या पाठीवर शाईत सासूबाईंच्या लग्नाचं साल होतं. दुसरी गोष्ट मला कडेच्या सांध्यापाशी दिसली. दर्शनी फळ्यांची जाडी न तासलेल्या आतल्या कडेपेक्षा किंचित कमी होती आणि कुलपाच्या पत्र्याखाली आधीच्या खिळ्यांची बुजवलेली भोकं होती. म्हणजे ज्या 'मूळ' पृष्ठभागासाठी मी हटून बसले होते, तो मूळ नव्हताच. हे तान्सू आधी एकदा तासून झालं होतं. आजी शांतपणे म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले ना, तेव्हा सासूबाईंनी करून घेतलं होतं."

किरीच्या तान्सूची ही रीतच आहे. पत्रे उतरवतात, गरम पाण्याने धुतात. दबलेल्या जागा पाणी पिऊन बऱ्याचशा वर येतात. जिथे तुटलंय तिथे किरीचाच तुकडा बसवतात. मग रंध्याने पातळ थर काढतात, गवताच्या मुळांच्या ब्रशने घासून रेषा उठवतात, दगडाची बारीक भुकटी आणि झाडाच्या फळांचा काढा लावतात आणि शेवटी मेण. चांगल्या तान्सूला जाड फळ्या घालण्यामागे पुढच्या पिढ्यांच्या रंध्याचाही हिशेब असतो. लाकडी खिळेही त्यात मदत करतात. म्हणजे या वस्तूचा वरचा थर कारागिराने पुढे काढला जाईल असं धरूनच दिलेला असतो.

पण हाच न्याय सगळ्यांना लावला तर अनर्थ होईल. सेंदाईचं तान्सू घ्या. ते केयाकी नावाच्या जड, ठळक रेषांच्या लाकडाचं, वर पारदर्शक तांबूस लाख आणि ड्रॅगन-सिंह-फुलांचे लोखंडी पत्रे. तिथे लाखेचा थर हीच अर्धी कारागिरी. त्यावर रंधा मारणं म्हणजे जुन्या चित्राला ब्लीचने धुण्यासारखं. माझी चूक तिथेच होती. केयाकीचा नियम मी किरीला लावत होते.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. आधी प्रत्येक बाजूचे फोटो, मापं, सांध्यांची रेखाटनं. बाहेरचा भाग तासायचा. खणांची पाठ, तळ आणि शाईची अक्षरं जशीच्या तशी. काढलेले जुने खिळे आणि थोड्या पातळ सालपट्ट्या पाकिटात घालून, तारीख लिहून, सगळ्यात खालच्या खणात ठेवायच्या. पुढे कोणाला तपासणी करायची असेल तर नमुना हाताशी राहील.

मला थोडी हळहळ वाटली, खोटं का बोलू. काळपट पृष्ठभागात धूर, हात, घाम असं पुष्कळ काही साठलेलं असतं आणि त्यातलं काही आता परत मिळणार नाही. पण किमोनो नेसणं कमी झालं, घरं लहान झाली आणि कोणाला नको म्हणून कितीतरी तान्सू जागा अडवतात आणि शेवटी टाकून दिली जातात. नातीने काळं तान्सू घेतलंच नसतं. मग शाईची ती अक्षरंही गेली असती.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. सुट्टीत घरी येईन तेव्हा आपल्या कपाटाचे ड्रॉवर मी काढून बघणार आहे. तुमच्याही घरी आजीचं कपाट पॉलिशला जाणार असेल तर सुतार यायच्या आधी एवढं करा. सगळे खण बाहेर काढा, उलटे करा, पाठीचे आणि तळाचे फोटो घ्या. काही लिहिलेलं दिसलं तर त्यावर पॉलिशचा हात फिरवू देऊ नका. आणि घरात जे सगळ्यात वयस्कर असेल त्यांना विचारा, हे याआधी कधी तासलं होतं का. माझं निम्मं उत्तर मला तिथेच मिळालं होतं.