कारभाऱ्याची फिर्याद आणि संपादकांचा तुरुंग

'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे जेमतेम वर्षाची झाली असतानाच, 1882 साली, त्यांचे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांच्यावर कोल्हापूर संस्थानचे कारभारी, म्हणजे राजाच्या नावाने प्रत्यक्ष राज्यकारभार चालवणारे अधिकारी, माधवराव बर्वे यांनी मुंबईत अब्रूनुकसानीचा खटला भरला. तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असे लेख दोन्ही पत्रांत येत होते आणि पुरावा म्हणून बर्व्यांच्या नावाची काही पत्रे पुढे करण्यात आली होती. ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगातून ते 101 दिवसांनी सुटले.

पत्रांची शहानिशा करण्यात संपादक कमी पडले, हे मान्यच करावे लागते. परंतु पुरावा खोटा निघाला म्हणून महाराजांविषयीची काळजी खोटी ठरत नव्हती. 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, त्यांचा अंत झाला.

दंडसंहितेच्या कलम 499 नुसार मजकूर खरा असणे पुरेसे नव्हते, तो लोकहितासाठी छापला हेही दाखवावे लागे. लोकसेवकाच्या कामावरील मताला सद्भावाचे, म्हणजे योग्य काळजी घेऊन बाळगलेल्या विश्वासाचे, संरक्षण असले तरी ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच असे.

अमेरिकेत हा भार 1964 साली फिरवला गेला. मार्टिन ल्यूथर किंग यांना चार वेळा अटक झालेली असताना 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील जाहिरातीत सात वेळा असे छापले गेले, आणि अशाच चुकांवरून मंटगोमरी शहराचे एक आयुक्त सलिव्हन यांना अलाबामाच्या न्यायालयाने 5 लाख डॉलर्सची भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून असे ठरवले की, मजकूर खोटा असल्याचे माहीत असताना किंवा खऱ्याखोट्याची बेदरकारी करून तो छापला, हे अधिकाऱ्यानेच सिद्ध केले पाहिजे. भारतातही 1994 च्या राजगोपाल खटल्यात या विचाराला जागा मिळाली, पण ती नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यांपुरती.

फौजदारी वाट मोकळीच राहिली. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनासंमत ठरवली आणि 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम 356 मध्ये दोन वर्षांपर्यंतची कैद कायम आहे. शिवाय अधिकाऱ्याच्या सरकारी कामाविषयी मजकूर असेल, तर शासनाच्या मंजुरीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो, म्हणजे टीका ज्याच्यावर झाली त्याची बाजू सरकारी खर्चाने लढवली जाते, आणि जिल्ह्याच्या लहानशा पत्राच्या मालकाला मात्र वकिलाची फी आणि तारखांच्या खेपा स्वतःच्या खिशातून निभवाव्या लागतात.