पॉवरची गोळी कोण मागतं?

पुसदच्या आपल्या वस्त्यांत ताप आला की आम्हीच दवाखान्यात म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, पॉवरची गोळी द्या, उद्या कामावर जायचं आहे.’ मजुरी बुडणं परवडत नाही, हे डॉक्टरही जाणतात. गोळी दिली नाही तर पेशंट दुसरीकडे जाईल, ही धास्ती. तपासणीचा खर्च पेशंटला झेपत नाही. औषध कंपनीचा माणूस नवी गोळी पुढे करतो. मग चिठ्ठीवर अँटिबायोटिक येतं.

पण सर्दी, फ्लू हे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. विनाकारण घेतलं की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. पुढे न्यूमोनियात तीच गोळी हरते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच हा इशारा दिला होता. २०१४ पासून काही अँटिबायोटिकची विक्री मेडिकलवाल्याला रजिस्टरात नोंदवावी लागते.

म्हणून आम्ही आता विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, ही गोळी खरंच लागते का? थोडं थांबून चालेल का?’ पाकिटावर लाल रेघ असली तर चिठ्ठीशिवाय घेत नाही. उरलेली गोळी शेजारच्या लेकराला देत नाही. मात्र लेकराला धाप लागली तर थांबायचं नाही. तडक सरकारी दवाखाना गाठायचा.